हेल्मीच्या टेबलाला फक्त पाणी

हेल्मी लेहतो आमच्या रोपवाटिकेत सव्वीस वर्षं होती, आणि त्यातली निदान वीस वर्षं लोक तिला मागून ‘बुरशीवाली’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी ऑर्विल प्रूइट. पंप, पाइप, नळ आणि खताची टाकी सांभाळायचं काम माझं. मीही म्हणायचो. आमच्या कोल्टर क्रीक गावात माणसं थोडी आणि हिवाळा लांबलचक. कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय आमचा एप्रिल उजाडत नाही.

तिचं काम मात्र थट्टेचं नव्हतं. डोंगरावर अगदी वर, जिथं दुसरं झाड तग धरत नाही, तिथं पांढऱ्या सालीचा पाइन येतो. त्याला आधी रोगानं गाठलं, मग वणव्यानं, आणि आमच्या डोक्यावरचा सॉल्टर रिज हा डोंगरमाथा एका उन्हाळ्यात काळाठिक्कर पडला. तिथं पुन्हा लावायला आम्ही रोपं वाढवत होतो. हरितगृहात, टेबलांवर, लांबट प्लास्टिकच्या नळकांड्यांत. पण जळक्या मातीत नुसतं रोप खोचून भागत नाही. या पाइनच्या मुळांवर एक बुरशी राहते. पायमोजा चढवावा तशी ती मुळांच्या टोकांवर बसते, मातीतलं पाणी लांबून ओढून आणते, आणि झाड तिला साखर देतं. आगीत झाडाबरोबर तीही जाते. मग ती जिवंत रानातून आणून रोपाला लावायची. हे चिकट, वेळखाऊ, कुणाची शाबासकी न मिळणारं काम आमच्यात एकट्या हेल्मीला जमायचं.

सप्टेंबरात दोन-तीन पाऊस झाले की ती फिंच लेकच्या वरच्या जुन्या राईत जायची. तिथल्या पाइनखाली तपकिरी अळंबी उगवतात, वरून शेंबडासारखी बुळबुळीत. खारींच्या आधी पोचावं लागतं, कारण खारी ती उपटून फांद्यांवर वाळत घालतात. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून हेल्मी मोठमोठ्यानं गात चढायची. फिनलंडहून आलेल्या आजोबांची कसलीशी रडकी गाणी.

“अस्वल कधी आडवं आलं नाही?” मी एकदा विचारलं.

“कशाला येईल? त्याला कान नाहीत का?” ती म्हणाली.

अळंब्यांच्या टोपीखालचा स्पंजासारखा भाग ती घरच्या मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवायची आणि ते चॉकलेटी पाणी बरणीत भरून फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवायची. तिच्या नवऱ्यानं, तोइवोनं, एकदा ते कॉफीत ओतलं होतं म्हणे, आणि वर “आज कॉफीला चव आहे” असंही म्हणाला होता. वसंतात मग ती गुरांना टोचायची जाडी सिरिंज घेऊन बसायची. प्रत्येक नळकांड्यात, मुळाजवळ, थोडं थोडं पाणी. दिवसभर. पाठीला हात लावून उठायची, पुन्हा बसायची. मी पाइप जोडत शेजारून जायचो आणि म्हणायचो, “काय हेल्मी, लसीकरण झालं का?” ती म्हणायची, “तुझंही करते, ये. अकलेची लस.”

तोइवो गेला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. माझी बायको बॉयसी शहरात निघून गेली त्याला अकरा. दुपारी बारा वाजता अवजारांच्या शेडमध्ये पत्र्याच्या टेबलावर आम्ही जेवायला बसायचो. नवा मॅनेजर ब्रेनन अधूनमधून यायचा, घाईघाईत उभ्यानंच खायचा आणि जायचा. बसून जेवणारे आम्ही दोघंच. हेल्मी वेलदोड्याचा गोड पाव आणायची, दोघांना पुरेल एवढा. मी हरणाच्या मांसाचं सॅंडविच आणायचो, जे तिला आवडायचं नाही, तरी ती अर्धं घ्यायची. बोलणं काय, तर हेच. कुणाची गाय रस्त्यावर आली, कुणाच्या मुलानं ट्रक खड्ड्यात घातला, यंदा रानात हकलबेरीची फळं कुठं लागलीत आणि ते कुणाला सांगायचं नाही. एखाद्या दिवशी ती गप्पच असायची. मग मीही गप्प. त्या गप्प बसण्यालाही दुसरं माणूस लागतं, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

आता त्या टेबलाची गोष्ट.

तोइवो झाडांवर चढायचा. पाइनची बोंडं पिकायच्या आत पक्षी ती फोडून बिया नेतात, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर चढून बोंडांना जाळीचे पिंजरे घालावे लागतात आणि शरदात पुन्हा चढून बोंडं काढावी लागतात. सॉल्टर रिजवर आगीतून वाचलेलं एकच म्हातारं झाड होतं. तोइवोच्या छातीत तेव्हा आजार शिरला होता, डॉक्टरनं जिना चढायलाही बंदी केली होती. तो त्या झाडावर दोन्ही वेळा चढला. फेब्रुवारीत तो गेला आणि पुढच्या हिवाळ्यात ते झाडही रोगानं सुकलं. उरलं ते बी. बी रुजायलाही या पाइनचे नखरे फार. थंडीत ठेवा, उबेत ठेवा, साल खरवडा. हेल्मीनं तीनशे ऐंशी रोपं उभी केली आणि हरितगृहाच्या पश्चिमेच्या भिंतीशी एका वेगळ्या टेबलावर मांडली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ते टेबल तोइवोचं होतं. तिची एकच इच्छा होती. ही रोपं त्याच डोंगरावर उभी राहावीत.

रोपांना दुसरं वर्ष लागलं त्या मे महिन्यात तिनं बरणीतलं सगळं पाणी त्या टेबलाला दिलं. आणि जूनमध्ये तिकडं स्पोकॅन शहरात तिची बहीण घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. हेल्मीला जावं लागलं.

जायच्या दिवशी ती मला टेबलापाशी घेऊन गेली. “नीट ऐक. या टेबलाला फक्त पाणी. खताचा एक थेंब नाही.”

“बरं.”

“बरं नको म्हणूस, ऐक. रोपं पिवळी पडतील. पडू देत. भुकेलं मूळच बुरशीला घरात घेतं. आयतं खायला मिळालं की ते तिला दारात उभं करत नाही.”

“माणसांचंही तेच,” मी म्हणालो.

“तू तुझं तत्त्वज्ञान पंपाला सांग. मला वचन दे.”

मी दिलं.

दुसऱ्या आठवड्यात ब्रेनन हातात काठी घेऊन फिरायला निघाला. जूनअखेर आमच्याकडे छाटणी होते. बुटकी, फिकी, वाकडी रोपं सरळ कुजवण्याच्या खड्ड्यात जातात. पोरगा वाईट नव्हता. कॉलेजात शिकला होता, पण भाजीपाल्याच्या रोपांवर, आणि हिरवं म्हणजे चांगलं एवढं त्याला पक्कं माहीत होतं. खरं सांगायचं तर रोपवाटिकेत जन्म गेलेल्या आम्हां सगळ्यांनाच तेवढंच माहीत असतं. टेबल हिरवंगार दिसलं की आमची छाती फुगते. पिवळं टेबल म्हणजे पाणीवाल्याची नाचक्की. तो तोइवोच्या टेबलापाशी थांबला.

“हे काय आहे, ऑर्विल? काविळीचा वॉर्ड?”

“हेल्मीचं टेबल आहे. ती म्हणाली पिवळी पडतील.”

“ती म्हणाली! वरच्या ऑफिसातली माणसं पुढच्या शुक्रवारी येताहेत. त्यांना मी काय सांगू, बाई म्हणाल्या पिवळी पडतील? शुक्रवारपर्यंत रंग आला नाही तर खड्डा.”

“तिला फोन कर की.”

“तिची बहीण हॉस्पिटलात आहे. मी नाही त्रास देणार. तू कर.”

मी केला नाही. का केला नाही, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. तिला आधीच काळजी होती, तिला पिवळी रोपं खड्ड्यात जाणार हे ऐकवणं बरं दिसलं नसतं. खरं उत्तर असं की मला वाटलं, मला कळतं. तीस वर्षं मी झाडांना पाणी पाजतोय. चार दिवस थोडं खत दिलं म्हणून काय आभाळ कोसळणार? रोपं वाचतील, हेल्मी परत येऊन हिरवं टेबल बघेल आणि म्हणेल, ऑर्विल, तू होतास म्हणून. हे शेवटचं वाक्य मला ऐकायचं होतं. म्हणून मी टाकीचं कुलूप काढलं आणि त्या टेबलाची तोटी खताच्या पाण्यावर फिरवली.

चार दिवसांचे दहा दिवस झाले. रोपं नुसती हिरवी झाली नाहीत, उंच झाली, तरारली. ऑफिसातली माणसं त्या टेबलाचे फोटो काढून गेली. ब्रेनननं माझ्या पाठीवर थाप मारली. मी तोटी पुन्हा साध्या पाण्यावर आणली, कुलूप लावलं आणि मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करून घेतला.

हेल्मी एका सोमवारी सकाळी आली. डब्याची पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नाही, सरळ त्या टेबलाकडे गेली. मी आणि ब्रेनन तिच्या मागं. तिनं टेबल बघितलं आणि ती हसली नाही. एक रोप नळकांड्यातून अलगद काढलं, माती पाण्यात विरघळवली, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मग दुसरं काढलं. मग सहावं. मुळं लांब, गुळगुळीत, तपकिरी. ज्या टोकांवर फाटे फुटून पांढुरकी साय धरायची, तिथं काही नव्हतं.

“यांना कुणी खायला घातलं?” तिनं विचारलं.

ब्रेननला खरंच ठाऊक नव्हतं. “मी नाही बुवा. ऑर्विल?”

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “ऊन चांगलं होतं यंदा. उन्हानं झाली असतील हिरवी.”

एवढं मूर्खासारखं खोटं मी शाळेतही बोललो नव्हतो. हेल्मीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं ती सहा रोपं एकेक करून परत मातीत बसवली आणि बोटानं माती दाबली.

ती ब्रेननला म्हणाली, “ही यंदा पाठवू नका. शरदात अळंबी आली की मी पुन्हा लस देईन. एक वर्ष थांबवा.”

“हेल्मी, अहो, ही आपली सगळ्यात चांगली रोपं आहेत! लोक फोटो काढून गेले. मी ही थांबवली तर मला वेड्यात काढतील. खत दिल्याचं तर कुणीच म्हणत नाहीये.”

त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर रोपं थांबली असती. हे मी पुन्हा लिहितो, कारण मी ते माझ्यापासून फार दिवस लपवलं. मी तोंड उघडलं असतं तर रोपं थांबली असती. मी नळाची चकती फिरवत उभा राहिलो.

त्या दुपारी बारा वाजता मी शेडमध्ये गेलो नाही. ट्रकमध्ये बसून सॅंडविच खाल्लं. म्हटलं, आजचा दिवस. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं. तिच्यासमोर बसून तिचा पाव घ्यायचं धाडस मला होईना. तिसऱ्या दिवसानंतर जाणं जास्तच अवघड झालं, कारण आता दोन दिवस का आला नाहीस हेही सांगावं लागलं असतं. अशी माणसं असतात. एक चूक झाकायला रोज एक घालत जातात आणि त्याला भिडस्तपणा म्हणतात. ट्रकच्या काचेतून मला शेडचं दार दिसायचं. हेल्मी बारा वाजता आत जायची, साडेबाराला बाहेर यायची. कामापुरतं आम्ही बोलायचो. “चार नंबरला पाणी सोड.” “सोडलं.” थट्टा बंद झाली. कुणीच तिची थट्टा करेनासं झालं, आणि ते मला जास्त लागायचं.

सप्टेंबरात पाऊस झाला नाही. फिंच लेकला एक अळंबं उगवलं नाही, आणि उगवलं असतं तरी उशीर झाला होता. रोपं सॉल्टर रिजवर गेली. हेल्मी लावणाऱ्यांबरोबर स्वतः गेली आणि तिनं प्रत्येक रोप एखाद्या दगडाच्या किंवा जळक्या ओंडक्याच्या आडोशाला, वारा लागणार नाही असं, गुडघे टेकून लावलं म्हणे. मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी गेलो नव्हतो. माझ्या पंपाला त्या दिवशी अचानक दुरुस्ती निघाली होती.

दोन उन्हाळे गेले. त्या हिवाळ्यांत बर्फामुळे रस्ता सहा सहा महिने बंद असायचा, मी आठवडाभर कुणाशी न बोलता राहायचो, रेडिओ लावून ठेवायचो. मला एकटं राहायची सवय आहे असं मी मानत होतो. सवय एकटं राहण्याची नव्हती, बारा ते साडेबाराची होती.

हेल्मीचं निवृत्त व्हायचं ठरलं. बहिणीला आता एकटीला जमत नव्हतं, म्हणून ही घर विकून स्पोकॅनला जाणार होती. शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, ती माझ्या पंपघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“उद्या मला सॉल्टर रिजवर घेऊन चल. रोपं मोजायचीत. माझे गुडघे आता गाडी चालवून वर पुन्हा चढायच्या लायकीचे राहिले नाहीत.”

“ब्रेननला—”

“ब्रेननला नाही विचारलं. तुला विचारलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. रस्ता संपल्यावर तासभर चढ. ती गायली नाही, म्हणून मीच मध्ये मध्ये टाळ्या वाजवत राहिलो, अस्वलांसाठी. वर वारा होता आणि राखाडी खोडं होती. प्रत्येक रोपाशी रंगीत काडी खोचलेली. आम्ही काडी शोधायचो आणि काडीपाशी बहुतेक वेळा एक वाळकी तांबडी काटकी निघायची. हात लावला की मोडायची. दुपारपर्यंत सगळ्या काड्या झाल्या. तीनशे ऐंशीतली एकोणीस जिवंत होती, तीही माथ्याच्या पूर्वेला, जिथं तोइवोचं ते म्हातारं झाड आगीतून वाचलं होतं आणि त्याच्या जुन्या मुळांशी मातीत ती बुरशी आपली आपण शिल्लक होती. एकोणिसातलं सगळ्यात मोठं जेमतेम माझ्या वितीएवढं.

हेल्मी एका दगडावर बसली. थर्मास काढला. मी उभाच होतो. मला वाटलं आता बोललो नाही तर ती शनिवारी जाईल आणि हे माझ्या छातीत तसंच राहील, तोइवोच्या आजारासारखं.

“हेल्मी, खत मी घातलं होतं,” मी म्हणालो. “ब्रेनन खड्ड्यात टाकणार होता म्हणून. दहा दिवस. तुला वचन देऊन. आणि नंतर खोटं बोललो. तू थांबवा म्हणालीस तेव्हाही गप्प बसलो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच सकाळपासून. टाकीची किल्ली कुणाच्या कमरेला असते, माझ्या? आणि खात्री हवी होती तीही दुपारी झाली. ब्रेनन जेवायला आला. माझा अर्धा पाव खाऊन गेला. तू नाही आलास.”

“मग ओरडली का नाहीस? ब्रेननला का नाही सांगितलंस?”

“मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. तू सांगायला हवं होतंस.” तिनं कॉफी ओतली, पण प्यायली नाही. “मला वाटलं, सोमवारी येईल. मग वाटलं, सप्टेंबरातल्या कामगार दिनाला येईल. मग नाताळला. तू चांगल्यासाठीच केलं असशील हे मला कळत होतं, ऑर्विल. गाढवपणा कळतो मला, मी तुला सव्वीस वर्षं ओळखते. रोपांसाठी मी रडून घेतलं. रोपं मरतात. उंदीर खातात, बर्फ दाबतं, माणसं लाड करून मारतात. त्याचं काही नाही.”

“काही नाही कसं? तोइवोची होती.”

“तोइवो मेलेला आहे,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण तिनं कपातली कॉफी मातीवर ओतून टाकली. “तो माझ्याशी जेवताना बोलणार नव्हता. या अख्ख्या खोऱ्यात माझ्याशी जेवताना बोलणारा एकच माणूस उरला होता, आणि तो पंचवीस पावलांवर ट्रकच्या काचा वर करून जेवत होता. दोन वर्षं मी दोघांपुरता पाव भाजला. उरलेला रोज घरी नेऊन पाखरांना घातला. खत तू दहा दिवस घातलंस. हे दोन वर्षं केलंस.”

मी तिच्याशेजारी दगडावर बसलो. वारा एवढा होता की माझे डोळे कशानं वाहताहेत हे विचारायची तिला गरज पडली नाही.

तिनं पिशवीतून पाव काढला, मोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढं धरला. शनिवारी ती कायमची जाणार होती, शुक्रवारी तिच्या घरी सामान बांधायला माणसं येणार होती. राहिलेलं जेवण हे एवढंच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. आम्ही जितकं सावकाश खाता येईल तितकं सावकाश खाल्लं.